शिसं धुणारा गूळ

मला माणसं येतात. कुणाला गणित येतं, कुणाला रांगोळी येते, तशी मला माणसं येतात. दोनदा ऐकलं की आवाज येतो, थोडं निरखून बघितलं की चाल येते. आमचे हेडसर नाकातून "शांतता राखा" म्हणायचे. ते मी पाचवीत असताना असं काही केलं की शेजारचा वर्ग खरंच गप्प बसला, आणि हेडसर स्वतः बघायला आले की आपण इथे कधी बोललो. नंदुरबार स्टेशनवरची ती बाई, जी गाडी लेट असल्याचं दुःख अजिबात न होता सांगते, ती मला येते. मिरचीच्या लिलावात मधेच ठसका लागून बोली अर्धी सोडणारे काका मला ठसक्यासकट येतात. सगळे माझ्या घशात राहतात आणि कुणी कुणाच्या पायावर पाय देत नाही.

पण नकलेला बघणारं माणूस लागतं. आरशासमोर नक्कल करून बघा, पाच मिनिटांत स्वतःची लाज वाटते. माझं पहिलं बघणारं माणूस म्हणजे माझी बहीण. तिला आम्ही बारकी म्हणतो. तिला अजून बसता येत नव्हतं तेव्हापासून ती मला हसायची. मी हेडसर केले की आधी डोळे मोठे, मग तोंड उघडं, मग सगळं अंग हसायचं, पाय तर वेगळेच हसायचे. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. मला वाटायचं, जगात आपल्यासारखं कुणी नाही.

आमचं घर गावाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे वस्ती संपते आणि मिरची वाळवायच्या पथारी सुरू होतात. हिवाळ्यात तिथून बघितलं तर सगळी जमीन लाल. बाहेरचे लोक गाडी थांबवून फोटो काढतात आणि मग शिंकत शिंकत पळतात. आम्हाला काही होत नाही, आमचे घसे तयार आहेत.

आबा, म्हणजे माझे वडील, बॅटरीवाले. रिक्षाची, ट्रॅक्टरची, ट्रकची बॅटरी बसली की लोक त्यांच्याकडे आणायचे. आधी ते नुसती दुरुस्ती करायचे. मग सुरतेकडचा एक व्यापारी यायला लागला, त्याला शिसं पाहिजे होतं. मग आबांनी मागच्या अंगणात मातीची मोठी चूल घातली, तिच्यावर लोखंडी कढई चढवली. मेलेली बॅटरी कुऱ्हाडीने फोडायची, तेजाब नालीत सोडायचं, आतल्या काळ्या प्लेटा कढईत टाकायच्या, आणि वरची मळी झाऱ्याने काढून खालचं चकचकीत शिसं साच्यात ओतायचं. थंड झालं की लगड तयार. लहानपणी मला ती फार आवडायची. हातात घेतली की दिसते त्याच्यापेक्षा खूप जड लागायची. आपण फसलो असं वाटायचं, आणि फसायला मजा यायची.

ही चूल घातली तेव्हा बारकी मायच्या पोटात होती.

आता गुळाचं सांगते. बॅटरीच्या धंद्यातले सगळे गूळ खातात. भट्टीवाले खातात, कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारे खातात, मिरची कांडायच्या डंकावरचे खातात. दिवसभर जे काही नाकातोंडात गेलं ते गुळाने खाली उतरतं आणि निघून जातं, अशी सगळ्यांची खात्री. आबांना ते त्यांच्या उस्तादाने सांगितलं होतं, उस्तादाला त्याच्या उस्तादाने. काम संपलं की आबा चुलीपुढून उठायचे, घरात यायचे, डब्यातली ढेप काढायचे, अंगठ्याने दाबून खडा फोडायचे. आधी आमच्या तोंडात, मग मायच्या, सगळ्यात शेवटी स्वतःच्या. आणि दर वेळी तेच वाक्य.

"खाई ले बेटा, बठ्ठं धुवाई जास."

खा, सगळं धुतलं जातं. हे वाक्य मला पहिल्यांदा आलं. हेडसरांच्या आधी, स्टेशनवरच्या बाईच्या आधी. आबांचा आवाज खालून यायचा, थोडा धुरकट, आणि "धुवाई" म्हणताना मान किंचित उजवीकडे जायची, जणू काही ते जे धुवायचं ते तिकडून निघून चाललंय आणि आबा त्याला वाट करून देतात. मी करायचे तेव्हा माय पदर तोंडाला लावून हसायची आणि बारकी टाळ्या वाजवायची. तिला टाळीला टाळी लागायची नाही, एक हात दुसऱ्याला चुकायचा. आम्ही त्यालाही हसायचो. लहान आहे, येईल.

बारकी दीड वर्षाची झाली तरी बोलली नाही. कुणी म्हणे काही पोरं उशिराच बोलतात, कुणी म्हणे माझंच बोलून संपलं म्हणून तिच्या वाट्याला आलं नाही. मला ते पटायचं. मग बोलली, थोडं. पोट दुखायचं तिचं. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली, एका भगताने दोरा दिला, तो तिने चावून टाकला. जेवायची नाही, चिडली की डोकं भिंतीवर आपटायची. माय म्हणायची, हट्टी शे. आबा म्हणायचे, रक्त कमी शे, गूळ वाढव.

ती शाळेत गेली आणि बाईंनी सांगितलं की लक्ष देत नाही. सगळ्याच पोरांबद्दल बाई हेच सांगायच्या, मला तर प्रगतीपुस्तकात तेवढं एकच वाक्य असायचं. कुणी मनावर घेतलं नाही.

माझ्या मात्र वेगळंच लक्षात आलं, आणि ते मी कुणाला सांगितलं तरी कुणाला कळलं नसतं. बारकी हसायची, पण उशिरा. मी तिच्या वर्गाच्या बाई करायचे, एकदम तंतोतंत, चष्मा वर करून "पाटी काढा रे" म्हणायचे. आवाज गमतीदार म्हणून ती हसायची. पण कोण केलं ते तिला सांगता यायचं नाही. मी विचारायचे, कोण शे? ती माझ्याकडे बघत राहायची. बाईंकडे ती रोज दिवसभर बघायची, आणि मी बाई केल्यावर तिला बाई सापडायच्या नाहीत. आता नकलेचं असं असतं की मी अर्धीच करते. उरलेली अर्धी बघणाऱ्याच्या डोक्यात होते. त्याच्या डोक्यात खरा माणूस बसलेला लागतो, तो उठून माझ्या नकलेला येऊन भेटला की हसू फुटतं. बारकीच्या डोक्यातून कुणी उठून येईना.

मी नकला बदलल्या. म्हटलं आपलंच काही चुकतंय. शेजारची म्हातारी केली, दूधवाला केला, आमची शेळी केली. शेळी तिने ओळखली. दोन दिवस मी नुसती शेळी केली.

मग एक दिवस सकाळी ती उंबऱ्यातून उठता उठता पडली आणि तिचं अंग वाकडं व्हायला लागलं. तोंडातून फेस. मायने कांदा हुंगवला, शेजारणीने चप्पल हुंगवली, आबांनी उचललं आणि रिक्षात घातलं. गावातल्या दवाखान्यात झटका थांबवला आणि म्हणाले सुरतेला न्या.

सुरतेचे डॉक्टर वयस्कर, चष्मा कपाळावर, गुजराती. हिंदीत सुरुवात करायचे, मधेच गुजरातीत जायचे आणि शेवट मराठीत करायचे, कारण आमच्यासारखे खानदेशातले पेशंट त्यांच्याकडे खूप. ते मला पहिल्याच दिवशी आले. वाईट वाटून घेऊ नका, पण त्या दिवशी बहीण कॉटवर पडलेली, आणि माझं डोकं आपलं त्यांचं "जुओ बेन", म्हणजे बघा ताई, पाठ करत होतं. मला थांबवता येत नाही ते. श्वास थांबवता येत नाही तसं.

त्यांनी बारकीच्या हिरड्या बघितल्या, पापणी ओढून बघितली, आणि आबांना विचारलं की घरात काम काय करता. आबांनी जरा छाती पुढे करून सांगितलं. बॅटरीचं. कुठे? घरामागेच साहेब. शिसं पण वितळवतो. डॉक्टरांनी वर न बघता रक्त काढायला सांगितलं. आबांना वाटलं साहेबांना धंदा हलका वाटला.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी दार लावून घेतलं. शिसं आहे म्हणाले. खूप आहे. लहान मुलाच्या अंगात असूच नये अशी गोष्ट, आणि हिच्या रक्तात एवढी आहे. धुरातून जातं, अंगणातल्या धुळीतून जातं, कपड्यावरून, हातावरून.

आबा म्हणाले, "पण मी रोज गूळ देस ना साहेब. मन्हा हातघाई."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "कौनसे हाथ से?"

आबांनी खाली बघितलं. आबांचे हात कायम तसेच असतात, रेषांमध्ये काळं बसलेलं, नखाच्या कडेला राखाडी. आम्हाला ते हात तसेच माहीत होते. वडिलांचे हात म्हणजे तशा रंगाचे. मी पण बघितलं, माय पण बघत होती. आबांनी ते दोन्ही हात शर्टाच्या खाली सरकवले, जसं काही डॉक्टरांनी अजून बघितले नव्हते.

औषधं झाली, इंजेक्शनं झाली. आम्ही पुष्कळ दिवस तिथे राहिलो, मग पॅसेंजरने जाऊन येऊन. रक्तातलं शिसं खाली खाली आलं. दर वेळी आबा रिपोर्ट घेऊन व्हरांड्यात उभे राहायचे आणि अनोळखी माणसाला दाखवायचे, दखा, उतरी ऱ्हायनं. एक दिवस ते इतकं उतरलं की आबांनी पेढे आणले. डॉक्टरांच्या टेबलावर पुडा ठेवला. म्हणाले, साहेब, आता ती हुशार कधी होईल?

तेव्हा डॉक्टरांनी सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे फार वेळ सांगितलं. आबांना त्यातलं किती कळलं माहीत नाही, पण मला त्यांचा शब्द न् शब्द चिकटला, कारण मला अर्थ नंतर कळतो, आवाज आधी.

ते म्हणाले, मेंदूत ज्या पेशी विचार करतात, बोलतात, त्यांची सगळ्यांना माहिती. पण त्यांच्या आजूबाजूला दुसऱ्या पेशी असतात, ग्लिया म्हणतात त्यांना. त्या बोलत नाहीत. बोलणाऱ्यांना सांभाळतात. काही खाऊपिऊ घालतात. काही कचरा काढतात. काही वायरीवर रबर चढवावं तसं पांघरूण घालतात, म्हणजे निरोप लवकर पोचतो. लहान मुलाचा मेंदू म्हणजे चालू बांधकाम, तिथे यांचं काम मोठ्यांपेक्षा जास्त. नको असलेले जोड तोडायचे, पाहिजे ते ठेवायचे, हेही त्याच करतात.

मग त्यात शिसं येतं. खाऊ घालणाऱ्या पेशी ते स्वतःच्या पोटात घेतात, दुसऱ्यांना लागू नये म्हणून, आणि घेऊन बसतात. पांघरूण घालणाऱ्या अर्धवट घालतात. आणि साफसफाई करणाऱ्या बिथरतात. त्यांना वाटतं शत्रू आला. त्या सूज आणतात, धावत सुटतात, कचऱ्याबरोबर चांगलंही उपटून टाकतात. मोठ्या माणसाला होतं ते वेगळं. हिला पोटात असल्यापासून झालंय. मोठ्याचं घर खराब झालं, हिचं बांधतानाच बिघडलं.

आबांनी विचारलं, पण शिसं तर आता गेलं ना.

"रक्तातून गेलं," डॉक्टर म्हणाले. हाडात अजून आहे, ते थोडं थोडं येत राहील. आणि त्या पेशी एकदा बिथरल्या की शिसं कमी झाल्यावर शांत बसतीलच असं नाही. ते असंही म्हणाले की यातलं बरंचसं उंदरांवर बघितलेलं आहे, माणसाच्या पोराच्या मेंदूत कुणी डोकावून बघत नाही, त्यामुळे मी पक्कं काही सांगत नाही. झटके गोळीने थांबतील. शिकवत राहा, खायला चांगलं द्या, दूध, लोह. पण जे औषध रक्तातलं शिसं काढतं ते गेलेली बुद्धी परत आणत नाही.

पेढ्यांचा पुडा टेबलावर तसाच होता. निघताना डॉक्टरांनी त्यातला एक उचलला आणि बारकीच्या हातात दिला.

परत पॅसेंजरने निघालो. नवापूर गेलं, खांडबारा आलं. खांडबाऱ्याला गाडी उगीच थांबून राहते. तिथे मायने मला विचारलं की ते काय म्हणत होते एवढं. मी माझ्या भाषेत सांगायला लागले. म्हटलं, लग्नात माईकवर बोलणारा एकच असतो ना, पण मंडपवाले किती असतात. वाढपी, झाडूवाली, लायटीवाला. मेंदूत पण मंडपवालेच जास्त. बारकीच्या मेंदूतले मंडपवाले शिशाने बिथरले. झाडूवाली खुर्च्याच फेकायला लागली. माय म्हणाली, असं नको सांगू, डॉक्टरसारखं सांग.

मी बघितलं तिच्याकडे. ती खरंच म्हणत होती. मग मी चष्मा कपाळावर घेतल्यासारखं केलं आणि "जुओ बेन" म्हटलं. माय हसली. रडून रडून सुजलेलं तोंड घेऊन हसली. समोरच्या बाकावरची बाई पण हसली. मी पुढे पुढे करत गेले, हात तसेच, थांबणं तसंच, मधेच गुजराती. डॉक्टरांच्या आवाजात ते ऐकायला मायला बरं वाटत असावं. नकलेतलं खरं नसतं असं तिला वाटत असेल.

मग तिने मला डॉक्टर समजूनच विचारलं. हळू आवाजात, आबांना ऐकू जाणार नाही असं.

"ती मन्हा पोटमा व्हती तव्हय मी त्या चुलनी माटी खाऊ. ते बी व्हई का त्याम्हा?"

बायकांना दिवस गेले की भाजलेली माती खावीशी वाटते. आमच्याकडे त्यात कुणाला नवल वाटत नाही, सासू कौतुकाने आणून देते. मायला घरच्या चुलीची आवडायची नाही, मागच्या अंगणातल्या मोठ्या चुलीची आवडायची. ती जास्त खरपूस भाजलेली असायची.

मी डॉक्टरांचं तोंड तसंच धरून बसले. "जुओ बेन" एवढंच आलं. पुढचं डॉक्टर बोललेच नव्हते, आणि जे कुणी बोललेलं नाही ते मला येत नाही. गाडी सुटली.

आबांनी शिसं बंद केलं. चूल फोडली. अंगणातली माती हातभर खोल खणून लांब नेऊन टाकली, नवीन आणली, वर फरशी केली. आता ते दुसऱ्याच्या दुकानात सीलबंद बॅटऱ्या विकायला बसतात, ज्या फोडायच्या नसतात. कढई व्यापाऱ्यानेच उचलून नेली. आम्हाला वाटलं भंगारात गेली. ती गेली पथारींच्या पलीकडच्या वस्तीत, एका ओळखीच्याच भाऊंकडे. मला ते कळलं कारण वारा तिकडून आला की तो वास येतो. जळक्या रबरासारखा, थोडा गोडसर. मिरची डोळ्यांत जाते तेव्हा कळतं तरी. हा वास नुसता येतो.

त्या भाऊंना लहान दोन पोरं. आबा त्यांच्याकडे दोनदा गेले, समजावून आले. भाऊ ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे. मग मी गेले. म्हटलं आबांना सांगता येत नाही, मला येतं. अंगणात उभी राहून सगळं सांगितलं, डॉक्टरांच्या आवाजात, सुरुवातीपासून. कारण साधं सांगितलं असतं तर बॅटरीवाल्याची नकलाकार पोरगी काहीतरी सांगतेय असं झालं असतं. डॉक्टरांचा आवाज लावला तर डॉक्टरांनी सांगितल्यासारखं होईल. असा माझा हिशोब.

भाऊ हसायला लागले. त्यांनी बायकोला हाक मारून बाहेर बोलावलं, बघ बघ म्हणाले, काय भारी करस ही पोर. शेजारचे दोघेतिघे आले. मी जितकं जीव तोडून करायला लागले तितकं ते जास्त हसायला लागले, मी "बुद्धी परत येत नाही" म्हटलं तेव्हा तर कुणीतरी टाळी दिली. मग मी माझ्या आवाजात म्हटलं, भाऊ, हसू नका, हे खरं आहे, माझी बहीण बघा. त्यांचं हसू थांबलं. वाईट वाटलं त्यांना, दिसलं. म्हणाले, तुन्हा बापले वय झायं, ध्यान नही ऱ्हायनं व्हई. मी देस ना मन्हा पोऱ्यासले रोज. आणि खिशातून पुडी काढून गुळाचा खडा मोडला, धाकट्याच्या तोंडात घातला, माझ्या हातात पण दिला. पाहुणी म्हणून.

मी तो खडा घरापर्यंत मुठीत आणला. रस्त्यात टाकायची भीती वाटली, कुणाचं पोर उचलेल. शेवटी संडासात टाकला.

बारकी आता नऊ वर्षांची आहे. झटके फार येत नाहीत. बोलते. आमच्या अंगणात नवीन माती आहे, नवीन फरशी आहे, दर सहा महिन्यांनी रिपोर्ट असतो आणि तो चांगला असतो. रिपोर्ट बघितला तर कुणी म्हणेल या मुलीला काय झालंय. पथारीवरून मिरची उचलून नेली तरी पुढे किती दिवस तिथून जाणाऱ्या परक्या माणसाला ठसका लागतो, तसं काहीतरी. फक्त पथारीला पुढचा हंगाम असतो, बारकीच्या डोक्याला नाही. ती शाळेत अजून त्याच, अगदी सुरुवातीच्या वर्गात बसते. बाई चांगल्या आहेत, तिला पुढे बसवतात, खडू द्यायला उठवतात. एक ते दहा कधी येतात कधी येत नाहीत. मायला अजून वाटतं की मोठी झाली की होईल. मायशी मी वाद घालत नाही. सुरतेहून आल्यापासून ती मला डॉक्टर करायला सांगत नाही.

आबा संध्याकाळी येतात आणि मोरीपाशी बसतात. साबण, ब्रश, नखं, कोपरापर्यंत. त्यांच्या हातांना आता भेगा पडल्यात, रेषांतलं काळं मात्र गेलेलं नाही. मग ते गूळ फोडतात. हो, अजूनही. डॉक्टरांनी लोह द्या म्हणून सांगितलं होतं, आणि गुळात लोह असतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं. आता ते चमच्याने फोडतात, हात लावत नाहीत. वाक्य मात्र अर्धं झालंय. "खाई ले बेटा" म्हणतात आणि थांबतात. पुढचं मी सुरतेनंतर त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं.

परवा बारकी माझ्या मागे लागली, कर, कर. काय करू? कर. तिला नक्कल हा शब्द येत नाही, नुसतं "कर" म्हणते. मी शेळी केली. हसली. हेडसर केले, नाकातला आवाज म्हणून हसली. मग काय झालं मला, की पहिल्यांदा जे आलं होतं ते करावंसं वाटलं. मी आबा केले. कितीतरी वर्षांनी. खालचा धुरकट आवाज, अंगठ्याने खडा दाबणं, मान उजवीकडे. खाई ले बेटा, बठ्ठं धुवाई जास. इतकं बरोबर आलं की माझ्याच अंगावर काटा आला.

बारकी माझ्याकडे बघत राहिली.

"हाऊ कोन शे?"

मी म्हटलं, तूच सांग. ती विचार करायला लागली. तिला विचार करताना बघवत नाही, कपाळावर आठी येते आणि डोळे कुठेतरी आत जातात, आणि तसेच रिकामे परत येतात. "माहीत नही," म्हणाली, आणि हसली, कारण मी तोंड तसंच धरलं होतं.

आबा मोरीच्या दारात उभे होते. हात ओले, एका हातात चमचा, चमच्यावर खडा. त्यांनी ऐकलं होतं. मी तोंड नीट केलं. ते तिच्याजवळ येऊन उकिडवे बसले, चमचा तिच्या तोंडापुढे धरला आणि तिच्या डोळ्यांत बघून सगळं वाक्य म्हणाले. पूर्ण. सावकाश, एकेक शब्द सुटा. तिला ओळखू यावं म्हणून.

"खाई ले बेटा. बठ्ठं धुवाई जास."

"धुवाई" म्हणताना मान उजवीकडे गेली.

बारकीचा चेहरा उजळला. तिने एकदा आबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. टाळी वाजवायला गेली, एक हात दुसऱ्याला चुकला.

"आबालेबी येस!" ती मला म्हणाली. आबांना पण करता येतं.

आणि तिने गुळासाठी तोंड उघडलं.